स्टोन्स रिव्हरची लढाई नक्की कोणी जिंकली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकी यादवी युद्धातल्या या लढाईबद्दल सगळ्यात जास्त येणारा प्रश्न शीर्षकातच आहे. त्याच्या मागोमाग येणारे प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे असे लावले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही लढाई कुठे आणि कधी झाली? कोण कोणाशी लढलं?

टेनेसी राज्यात, नॅशव्हिलच्या आग्नेयेला साधारण ३० मैलांवरच्या मरफ्रिजबरो गावाबाहेर. ३१ डिसेंबर १८६२ ते २ जानेवारी १८६३. उत्तरेच्या (म्हणजे केंद्र सरकारच्या) फौजेचा सेनापती विल्यम रोझक्रान्स, दक्षिणेचा (म्हणजे फुटून निघालेल्या राज्यांचा) ब्रॅक्स्टन ब्रॅग. उत्तरेकडे सुमारे ४३,४०० माणसं होती, दक्षिणेकडे सुमारे ३७,७००. रोझक्रान्सच्या फौजेचे तीन भाग होते: उजवीकडे मॅककुक, मध्यभागी थॉमस, डावीकडे क्रिटेंडन. ब्रॅगकडे हार्डी आणि पोक यांची दोन दळं होती (एका दळात काही डिव्हिजन, एका डिव्हिजनमध्ये काही ब्रिगेड). हार्डीच्या दळातली ब्रेकिनरिजची डिव्हिजन तेवढी नदीच्या पूर्वेला ठेवलेली होती. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते दोनदा लागणार आहे.

२. काही ठिकाणी ‘मरफ्रिजबरोची लढाई’ असं वाचलं. ती वेगळी का?

तीच. उत्तरेकडचे लोक लढायांना बहुधा नदी-ओढ्याचं नाव देत, दक्षिणेकडचे जवळच्या गावाचं. अँटिएटम आणि शार्प्सबर्ग ही अशीच एका लढाईची दोन नावं. मात्र मरफ्रिजबरोला जुलै १८६२ मध्ये एक छोटी चकमकही झाली होती आणि तिलाही गावाचंच नाव आहे. म्हणून आकडे पाहताना तारीख आधी तपासा.

३. फार खोलात न जाता सांगा, कोण जिंकलं?

उत्तरेची बाजू जिंकली, अगदी थोड्या फरकाने आणि फार मोठी किंमत मोजून. ३१ डिसेंबरचा दिवस दक्षिणेचा होता, २ जानेवारीची संध्याकाळ उत्तरेची. ३ जानेवारीच्या रात्री ब्रॅग मैदान आणि मरफ्रिजबरो दोन्ही सोडून गेला आणि मध्य टेनेसीचा तो भाग दक्षिणेला पुढे टिकवून धरता आला नाही. ज्यांना हे उत्तर पटत नाही त्यांनी प्रश्न ५, ६ आणि ११ वाचावेत. आक्षेप बहुतेक तिथलेच असतात.

४. कोण जिंकलं हे ठरवायची काही रीत आहे का, की ज्याचं त्याचं मत?

रीत आहे, आणि ती कुठल्याही अटीतटीच्या लढाईला लावता येते. कागदावर दोन रकाने आखा, प्रत्येक बाजूला एक. सगळ्यात वर त्या बाजूचा लढाईआधीचा हेतू लिहा. इथेच बहुतेकांची चूक होते. ते हेतू लढाईनंतरच्या अहवालातून उचलतात, आणि अहवालात प्रत्येक सेनापतीला जे मिळालं तेच हवं होतं असं दिसतं. हेतू आधीच्या हुकमांतून आणि तारांतूनच घ्यायचा.

मग लढाईची हद्द ठरवा: कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत, आणि कुठला परिसर. ही हद्द बदलली की निकाल बदलतो. स्टोन्स रिव्हर ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी संपली असं धरलंत तर पारडं दक्षिणेकडे झुकतं. त्यानंतर मैदान कोणाकडे राहिलं ते पाहा. मग हानी: मेलेले, जखमी आणि कैदी वेगवेगळे, आणि प्रत्येक आकडा फौजेच्या किती टक्के हेही शेजारी. पुढचा मुद्दा सहसा कोणी लिहीत नाही, पण तो फार बोलका असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक फौज काय करू शकत होती? दारूगोळा किती उरला, रसदीचा रस्ता उघडा होता का, ताज्या तुकड्या होत्या का? शेवटी पुढचे पाच-सहा महिने पाहा आणि वरच्या हेतूशी ताडून बघा.

इथले रकाने असे भरतात. रोझक्रान्सचा हेतू ब्रॅगला मरफ्रिजबरोतून हुसकावण्याचा. वॉशिंग्टनहून त्याच्यावर इतका दबाव होता की आणखी आठवडाभर नॅशव्हिलमध्ये बसून राहिलास तर तुझी बदली मी रोखू शकणार नाही, असं उत्तरेच्या सरसेनापती हॅलेकने डिसेंबरच्या सुरुवातीलाच कळवलं होतं. ब्रॅगचा हेतू मरफ्रिजबरो आणि भोवतालचा धान्याचा मुलूख राखण्याचा, आणि जमलं तर रोझक्रान्सला नॅशव्हिलपासून तोडून नदीकडे रेटण्याचा. शेवटी कोणाचा हेतू साधला हे या दोन ओळींवरूनच दिसतं.

५. पहिल्या दिवशी उत्तरेची उजवी बगल पार उधळली होती. मग ते जिंकले कसे?

उधळली होती हे खरं आहे. दोन्ही सेनापतींची योजना एकच होती: आपल्या डाव्या बाजूने शत्रूच्या उजव्या बाजूवर पडायचं. ब्रॅग आधी निघाला. उजाडताच हार्डीची माणसं मॅककुकवर चालून आली तेव्हा उत्तरेचे अनेक सैनिक न्याहारी करत होते, आणि एका तोफखान्याचे काही घोडे पाण्यावर नेलेले होते. घोडे नसले की तोफ हलत नाही. अशा तोफा जागच्या जागी हाती लागल्या. मॅककुकच्या तीनपैकी दोन डिव्हिजन बघता बघता मागे हटल्या.

तिसरी डिव्हिजन शेरिडनची. त्याने माणसांना पहाटे चार वाजताच उठवून शस्त्रांनिशी रांगेत उभं केलं होतं. ती चार तासांच्या आसपास लढली. तिन्ही ब्रिगेडचे प्रमुख मारले गेले, साधारण तिसरा हिस्सा माणसं कामी आली किंवा जखमी झाली आणि काडतुसं संपल्यावर ती मागे आली. त्या वेळात रोझक्रान्सने नॅशव्हिल पाइकच्या (नॅशव्हिलला जाणाऱ्या हमरस्त्याच्या) कडेने नवी फळी उभी केली. दुपारी उत्तरेची फळी मिटत आलेल्या चाकूसारखी दिसत होती. एक पातं पाइकला समांतर, दुसरं नदीकडे, आणि बिजागरीच्या जागी ‘राउंड फॉरेस्ट’ नावाचं झाडांचं छोटं बेट. तिथे हेझनची ब्रिगेड दिवसभर जागची हलली नाही. तोफांचा आवाज इतका कानठळ्या बसवणारा होता की चालून येणारे दक्षिणेचे सैनिक शेतातला कापूस तोडून कानांत बोळे घालत होते. (दक्षिणेच्या याच कापसाची निर्यात अडल्यामुळे त्या वर्षांत मुंबईच्या बाजारात भाव कडाडले होते.)

आता ब्रॅगची योजना पाहा. दार बिजागरीवर फिरावं तशी त्याला फौज फिरवायची होती आणि पाइक तोडायचा होता. तीन ठिकाणी घोटाळा झाला. मॅककाऊनची डिव्हिजन वळण्याऐवजी पश्चिमेकडे सरकत गेली, त्यामुळे तिच्या मागून येणाऱ्या क्लेबर्नच्या डिव्हिजनला अचानक शत्रू समोर दिसला. दिवस कलेपर्यंत हार्डीची माणसं सुमारे तीन मैल लढत पुढे आली होती, थकली होती आणि त्यांच्यामागे ताजी कुमक नव्हती. आणि नदीपलीकडे ब्रेकिनरिजकडे पाच ब्रिगेड होत्या. चुकीच्या खबरांमुळे त्यातल्या चार उशिरा आल्या, आल्या तशा दोन-दोनच्या तुकड्यांनी वापरल्या गेल्या, आणि त्याही हार्डीकडे न पाठवता राउंड फॉरेस्टवर घातल्या.

संध्याकाळी पाइक उत्तरेच्याच हातात होता. म्हणून त्या दिवशीही दक्षिणेचं यश मोठं असलं तरी ज्यासाठी हल्ला केला ते साधलं नव्हतं.

६. उत्तरेचं नुकसान जास्त झालं. ज्याची माणसं जास्त पडली तो हरला, असं नाही का?

नाही. आणि इथे तर ‘जास्त’ हा शब्दही जपून वापरावा लागतो.

उत्तरेचे मेलेले १,७३०, जखमी ७,८०२, कैदी किंवा बेपत्ता ३,७१७. एकूण १३,२४९. दक्षिणेचे मेलेले १,२९४, जखमी ७,९४५, कैदी किंवा बेपत्ता १,०२७. एकूण १०,२६६. फरक जवळपास तीन हजारांचा दिसतो. पण फक्त मेलेले आणि जखमी घ्या: उत्तरेचे ९,५३२, दक्षिणेचे ९,२३९. फरक उरतो २९३. म्हणजे गोळ्यांनी आणि तोफांनी दोन्ही फौजा जवळजवळ सारख्याच घायाळ केल्या. बाकीचा फरक कैद्यांचा आहे, आणि त्यातले बरेचसे पहिल्या सकाळच्या पळापळीत सापडलेले. उत्तरेने २८ तोफाही गमावल्या. तो तोटा खराच आहे, पण तोफा आणि कैदी घेऊन ब्रॅगला पाइक मिळाला नाही.

दुसरं म्हणजे झीज भरून काढण्याची ताकद. उत्तरेला माणसं आणि तोफा पुन्हा मिळत होत्या. दक्षिणेचा प्रत्येक अनुभवी सार्जंट गेला की जागा रिकामीच राहायची. त्यातच दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिस याने डिसेंबरमध्ये ब्रॅगकडची सुमारे ७,५०० माणसांची एक डिव्हिजन व्हिक्सबर्गकडे पाठवली होती.

७. काही ठिकाणी दक्षिणेची हानी ११,७३९ दिलेली असते. कुठला आकडा बरोबर?

दोन्ही आकड्यांत मेलेले आणि जखमी तेच आहेत. कैद्यांची बेरीज वेगळी आहे. एका मोजणीत १,०२७, दुसरीत सुमारे २,५००. ब्रॅग निघाला तेव्हा हलवता न येणारे पुष्कळ जखमी मरफ्रिजबरोच्या इस्पितळांतच राहिले आणि उत्तरेच्या हाती लागले. असा माणूस आपल्या यादीत जखमी असतो आणि शत्रूच्या यादीत कैदी. दोन बाजूंच्या याद्या एकत्र केल्या की तो दोनदा मोजला जाऊ शकतो.

याचा निकालावर होणारा परिणाम बघण्यासारखा आहे. उत्तरेने फौजेच्या सुमारे ३०.५ टक्के गमावले. दक्षिणेचा १०,२६६ हा आकडा घेतला तर सुमारे २७ टक्के, ११,७३९ घेतला तर ३१ टक्क्यांवर. म्हणजे टक्केवारीत कोणाचं जास्त गेलं याचं उत्तर तुम्ही कुठली यादी उचलता यावर उलटतं. ज्या निकषाचा निकाल कारकुनाच्या एका रकान्याने फिरतो, त्यावर विजय ठरवू नये.

८. २ जानेवारीच्या हल्ल्याने निकाल लागला का?

निम्मा. नदीच्या पूर्वेच्या टेकडीवरून उत्तरेची माणसं हटवावीत असा हुकूम ब्रॅगने दिला. ब्रेकिनरिजने जागा पाहून विरोध केला, कारण पलीकडच्या काठावरची जमीन जास्त उंच होती आणि तिथे तोफा दिसत होत्या. हुकूम कायम राहिला. दुपारी चारच्या सुमारास हल्ला झाला, टेकडी लगेच मिळालीही. पण पळणाऱ्यांचा पाठलाग करत माणसं नदी पायी ओलांडण्याच्या मॅकफॅडन नावाच्या जागेकडे उतरली आणि क्रिटेंडनच्या तोफखान्याचा प्रमुख जॉन मेंडेनहॉल याने पश्चिम काठावर जमवलेल्या ५७ तोफांच्या तोंडी सापडली. तासाभरात सुमारे १,८०० माणसं गेली.

जमीन कोणाचीच फारशी बदलली नाही. बदललं ते एवढंच की ब्रॅगकडे आता हल्ल्याला लावण्यासारखी ताजी डिव्हिजन उरली नाही. प्रश्न ४ मधला ‘दुसऱ्या दिवशी सकाळी काय करू शकत होते’ हा मुद्दा इथे लावून पाहा.

९. ब्रॅगचा पराभव झाला नव्हता, तो आपणहून गेला, असं काही जण म्हणतात. त्यात तथ्य आहे का?

थोडं आहे. ३ जानेवारीला त्याला कोणी धक्के मारून बाहेर काढलं नव्हतं. फौज शिस्तीत निघाली. पण निघण्याची कारणं पाहिली की ‘आपणहून’ हा शब्द फार काळ टिकत नाही. पावसाने नदी चढत होती आणि फौज दोन काठांवर विभागली जाण्याची भीती होती. मॅककुकच्या पकडलेल्या कागदपत्रांवरून रोझक्रान्सकडे ७०,००० च्या आसपास माणसं असल्याचा त्याचा समज झाला, जो चुकीचा होता. शत्रूला कुमक येत होती. पोकच्या हाताखालच्या चीथम आणि विदर्स या दोघा डिव्हिजन-प्रमुखांनी माघार घ्या असं लेखी सुचवलं आणि पोकने त्याला दुजोरा दिला.

उलट ३१ डिसेंबरच्या रात्री ब्रॅगची खात्री होती की रोझक्रान्सच निघून जाईल. ईश्वराने आपल्याला नववर्ष सुखाचं दिलं, अशा अर्थाची तार त्याने रिचमंडला, दक्षिणेच्या राजधानीला, केली होती. रोझक्रान्सने अधिकाऱ्यांना विचारलं आणि तो थांबला. थांबणाऱ्याने न थांबणाऱ्यावर मिळवलेली ही सरशी होती.

१०. मराठीत आपण ‘मैदान मारलं’ म्हणतो. मग मैदान ज्याच्या हाती तो विजयी, हा नियम सरळ लावला तर काय बिघडतं?

बहुतेक वेळा काही बिघडत नाही. जखमी उचलणं, सोडलेल्या बंदुका गोळा करणं, मेलेल्यांना पुरणं हे सगळं मैदानावर राहणाराच करू शकतो. पण नियम फसतो अशा चार लढाया जवळच आहेत.

माल्व्हर्न हिलला, १ जुलै १८६२, उत्तरेच्या मॅकलेलनच्या फौजेने दक्षिणेच्या लीचे हल्ले पार मोडून काढले आणि त्याच रात्री मैदान सोडून माघार घेतली. त्या दिवसाची लढाई त्याची, मोहीम लीची. पेरिव्हिलला, ८ ऑक्टोबर १८६२, याच ब्रॅगने दिवसाची लढाई जिंकली, पण शत्रूची पूर्ण फौज जवळ आहे हे कळताच रात्री निघाला आणि केंटकी राज्य हातचं गेलं. वाइल्डरनेसला, मे १८६४, उत्तरेच्या ग्रँटचं नुकसान लीपेक्षा बरंच जास्त झालं. मैदान त्यानेच आधी सोडलं, पण मागे न जाता दक्षिणेकडे, रिचमंडच्या वाटेने. सोडून कुठल्या दिशेला गेला हे न पाहता त्याला पराभूत म्हणणं चूक ठरेल. चिकामॉगाला, सप्टेंबर १८६३, ब्रॅगने मैदान मारलं, माणसंही शत्रूपेक्षा जास्त गमावली (१८,४५४ विरुद्ध १६,१७०). तो त्याचा निर्विवाद विजय. तरी दोन महिन्यांत चॅटनूगाला ती कमाई गेली.

म्हणून मैदानाच्या नियमाला दोन प्रश्न जोडा: का सोडलं, आणि सोडून कुठे गेला? ब्रॅग स्टोन्स रिव्हरहून दक्षिणेला डक नदीच्या दिशेने, टलाहोमाकडे गेला. ज्या गावाच्या रक्षणासाठी लढला तेच मागे टाकून.

११. रोझक्रान्स जिंकला म्हणता, तर पाठलाग का केला नाही? सहा महिने बसून राहिला!

हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे आणि त्यातलं काही मान्य करावंच लागतं. फौजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला होता. दक्षिणेच्या व्हीलरच्या घोडदळाने लढाईच्या आधीच उत्तरेच्या फौजेला वळसा घालून शेकडो गाड्या जाळल्या-पकडल्या होत्या, आणि हिवाळी पावसात रस्त्यांचा चिखल झाला होता. जानेवारीतला पाठलाग शक्य नव्हता. पण एप्रिल-मेपर्यंत तीच कारणं पुरत नाहीत. त्या काळात मरफ्रिजबरोला ‘फोर्ट्रेस रोझक्रान्स’ हा मातीचा प्रचंड कोट आणि रसदीचा तळ उभा राहिला. २४ जूनला तो निघाला आणि टलाहोमाच्या मोहिमेत ६०० पेक्षा कमी माणसं गमावून त्याने ब्रॅगला दहा-अकरा दिवसांत मध्य टेनेसीतून बाहेर काढलं.

आमचा निवाडा असा: दिरंगाईमुळे विजयाची किंमत कमी होते, पण मालकी बदलत नाही. ती मोहीम मरफ्रिजबरोच्या तळावरूनच उभी राहिली, आणि तो तळ या लढाईने मिळवून दिला.

१२. मग ‘अनिर्णित’ का म्हणू नये? भांडणच मिटेल.

३१ डिसेंबर ते २ जानेवारी एवढंच आणि फक्त मैदानावरचं बोलायचं असेल तर जरूर म्हणा. मेलेल्या-जखमींचे आकडे त्याला दुजोरा देतात (प्रश्न ६). पण मग तसं स्पष्ट लिहा: ‘डावपेचांच्या दृष्टीने अनिर्णित’. पुढे काही न जोडता ‘अनिर्णित’ लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, लढाईने काहीच ठरलं नाही. एक फौज गाव सोडून गेली आणि दुसरी ५ जानेवारीला त्यात होती. हे ठरणंच आहे.

१३. लिंकनला या निसटत्या विजयाचं इतकं काय वाटलं?

तारखा शेजारी ठेवा. १३ डिसेंबरला फ्रेडरिक्सबर्गला उत्तरेची १२,६०० हून जास्त हानी झाली होती. २९ डिसेंबरला व्हिक्सबर्गजवळ उत्तरेच्याच शेरमनचा हल्ला फसला. १ जानेवारीला गुलाममुक्तीचा जाहीरनामा लागू झाला. त्याच आठवड्यात तिसरा पराभव झाला असता तर जाहीरनामा हरणाऱ्या सरकारची शेवटची धडपड वाटला असता. ऑगस्टअखेरीस रोझक्रान्सला लिहिलेल्या पत्रात लिंकनने या कष्टाच्या विजयाची आठवण काढली. त्या जागी पराभव झाला असता तर देशाला त्यातून तगून निघणं कठीण होतं, असं त्याने म्हटलं.

राजकीय परिणाम मात्र निवाड्यात सगळ्यात शेवटी घ्या. तो लढाईबाहेरच्या गोष्टींवरही अवलंबून असतो.

१४. सेनापतींच्या अहवालांवर किती विसंबायचं?

जागा, वेळ आणि तुकड्यांच्या क्रमासाठी बऱ्यापैकी. शत्रूच्या संख्येसाठी अजिबात नाही. हरणारा ती फुगवतोच, जिंकणाराही फुगवतो. दोष कोणाचा याबद्दल तर दोन अहवाल शेजारी ठेवल्याशिवाय काही बोलू नका. ब्रेकिनरिजच्या हल्ल्याबद्दल ब्रॅग आणि ब्रेकिनरिज यांची निवेदनं वाचली की ती एकाच दुपारची आहेत यावर विश्वास बसत नाही.

एक पुरावा मात्र अहवालांपेक्षा मोलाचा आहे. माघारीवरून वृत्तपत्रांत टीका झाल्यावर ब्रॅगने आपल्याच हाताखालच्या सरदारांना पत्र पाठवून कौल मागितला. हार्डी, ब्रेकिनरिज, क्लेबर्न यांनी त्याला सरळ कळवलं की फौजेचा तुमच्यावर विश्वास उरलेला नाही. जिंकलेल्या फौजेत असा पत्रव्यवहार होत नाही.

१५. मैदानावर आज स्मारक कोणाचं आहे? त्यावरून काही कळतं का?

हेझनच्या ब्रिगेडचं. ते १८६३ मध्ये, युद्ध चालू असतानाच, त्याच ब्रिगेडच्या सैनिकांनी राउंड फॉरेस्टच्या जागी चुनखडीच्या दगडात बांधलं. यादवी युद्धाच्या रणभूमीवर मूळ जागी टिकून असलेलं ते सगळ्यात जुनं स्मारक मानतात. भोवती सोबत्यांच्या कबरी आहेत. जवळच्या राष्ट्रीय दफनभूमीत उत्तरेचे ६,००० हून अधिक सैनिक पुरलेले आहेत, त्यात आसपासच्या इतर लढायांतलेही आहेत. दक्षिणेचे अनेक मृत मात्र तिथे नाहीत. त्यांना पुढे मरफ्रिजबरोच्या एव्हरग्रीन दफनभूमीत, गावाच्या बाजूला जागा मिळाली. आपल्या माणसांना पडल्या जागी पुरून वर दगड रचायला जी फौज मागे राहिली, ती उत्तरेची होती.